गाडीचा श्वास : कोरडा फिल्टर की तेलाचा?

(आमच्या सामुदायिक रेडिओवर महिला गटांच्या कार्यक्रमात झालेलं हे भाषण. अनेक गटांनी 'लिहून द्या' म्हटलं, म्हणून इथे छापत आहोत.)



गेल्या महिन्यात शेजारच्या गावातल्या गटाच्या बैठकीला गेले होते. त्या गटाने कर्ज काढून नुकतीच पिकअप घेतली आहे. जाताना डाळिंब आणि भाजी न्यायची, येताना किराणा आणि पेंडीची पोती आणायची, असं तिचं काम. हिशेब वाचून झाला, चहा झाला, आणि त्यांच्या कोषाध्यक्ष वहिनींनी पिशवीतून एक वस्तू काढून माझ्यापुढे ठेवली. कडेला रबर, मधे घड्या घातलेली लालसर जाळी, हाताला जरा चिकट.

"ताई, हा गाडीचा एअर फिल्टर. दुकानदार म्हणतो, कागदाचा फिल्टर दर वेळी फेकून द्यावा लागतो, हा एकदाच घ्या आणि आयुष्यभर धुऊन वापरा. वर गाडी ॲव्हरेजही वाढवून देते म्हणतो. दाखवायला आणलाय, पैसे उद्या द्यायचेत. घेऊ का?"

मी तो हातात घेतला आणि थोडा वेळ गप्पच बसले. सहा वर्षांपूर्वी अगदी असाच फिल्टर आमच्या गटाने घेतला होता. त्यापायी इंजिनाच्या कामाला ५६ हजार रुपये गेले, आणि आमच्यातल्या एका बाईला नको ते ऐकून घ्यावं लागलं. फिल्टर वाईट नव्हता. चूक झाली होती, आणि ती माझ्या हातून झाली होती. त्या दिवशी वहिनींना जे सांगितलं, तेच आज तुम्हा सगळ्यांना सांगते.

दोष कुणाच्या माथी आला

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस कमी, माती भुसभुशीत, आणि गावापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा चार किलोमीटरचा रस्ता कच्चा. पुढे एखादी गाडी असली की मागच्या गाडीला काही दिसत नाही, इतका फुफाटा. आमच्या गटाची जुनी डिझेल पिकअप होती आणि ती आमच्यातल्याच एक ताई चालवायच्या. मालाची गाडी चालवणाऱ्या बाया तेव्हा आमच्याकडे बोटावर मोजण्याइतक्याच. त्यामुळे ताईंवर सगळ्या गावाचा डोळा.

नवा धुवायचा फिल्टर बसवल्यावर काही महिने गाडी छान चालली. मग हळूहळू तक्रारी सुरू झाल्या. चढावर दम लागू लागला. सकाळी लवकर सुरू होईना. मागून निळसर धूर येऊ लागला. इंजिनातलं ऑइल तर पंधरा दिवसांत डिपस्टिकच्या खालच्या खुणेला जायचं. आम्ही ओतत राहिलो. पारावर बसणाऱ्यांचा निकाल मात्र झाला होता: "बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं. क्लच दाबून चालवते, गिअर ओढत बसते." आमच्या गटातल्याही काहींना ते पटायला लागलं. ताई काही बोलायच्या नाहीत. फक्त किल्ली ठेवताना पूर्वी हसायच्या, ते बंद झालं.

शेवटी तालुक्याच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडलं. मिस्त्रींनी आधी फिल्टरच्या पुढचा, इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप काढला आणि आत बोट फिरवलं. बोटावर तांबूस पिठी आली, अगदी जात्याखालच्या पिठासारखी. मग त्यांनी फिल्टर उजेडात धरला आणि विचारलं, "हा धुतला कुणी?"

ते पुढे सांगते. आधी इंजिन हवा कशी घेतं, ते समजून घेऊ.

एक लिटर डिझेल, दहा हजार लिटर हवा

चुलीत लाकूड जळायला हवा लागते, हे आपल्याला फुंकणीने शिकवलेलं आहे. इंजिनातही तेच. एक लिटर डिझेल पुरतं जळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते, आणि प्रत्यक्षात इंजिन त्याहून जास्तच ओढतं. आपण माणूस दिवसभरात साधारण तेवढीच हवा श्वासातून घेतो. म्हणजे एक लिटर डिझेलमागे गाडी एका माणसाचा दिवसभराचा श्वास घेते. बाजाराच्या एका खेपेला पाच लिटर डिझेल जळलं, तर पन्नास हजार लिटर हवा. घरावर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तशा पन्नास टाक्या भरून हवा एका फेरीत इंजिनात गेली.

या हवेबरोबर आपल्या रस्त्याची धूळ येते. धुळीत माती असते तशी वाळूची बारीक कणीही असते, आणि ती कणी इंजिनाच्या लोखंडालाही भारी पडते. इंजिनात पिस्टन वरखाली होतो. त्याच्याभोवती रिंगा असतात. रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा फार पातळ थर असतो. आपल्या केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही बारीक कण त्या थरात शिरले, की ऑइल आणि वाळू मिळून घासायची पेस्ट होते. व्हॉल्व्ह घासायला मिस्त्री मुद्दाम तशीच पेस्ट वापरतात. इथे ती आपण न सांगता आत तयार होते आणि रात्रंदिवस घासत राहते. भिंतीवर चरे पडतात, रिंगा झिजतात, ऑइल वर चढून जळू लागतं. तोच निळा धूर.

मोठा खडा दिसतो, बारीक धूळ दिसत नाही. इंजिन खाते ती न दिसणारी धूळच. म्हणून कोणताही फिल्टर घेताना पहिला प्रश्न हाच: हा बारीक धूळ किती अडवतो?

कोरडा कागद कसा काम करतो

बहुतेक गाड्यांत कंपनीकडून येतो तो कोरडा, कागदाचा फिल्टर. हा कागद वहीचा नव्हे. धाग्यांचा, राळेसारखा पदार्थ पाजून ताठ केलेला खास कागद असतो. त्याला साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या घालतात, म्हणजे लहान डब्यात पुष्कळ कागद मावतो आणि हवेला जायला जागा मिळते.

आपण औषधी चूर्ण वस्त्रगाळ करतो. सुरुवातीला कापडातून थोडं भरड खाली येतं, मग कापडाच्या छिद्रांवर चूर्णाचाच थर बसतो आणि खाली येतं ते अगदी मऊ. कागदाच्या फिल्टरचं तसंच आहे. नवा कागदही जवळपास सगळी धूळ अडवतो, आणि त्यावर धुळीचा पातळ थर बसला की आणखी बारीक धूळ अडवू लागतो. म्हणून जरा मळकट दिसला की लगेच काढून झटकायची घाई करू नये. दर चार दिवसांनी फिल्टर काढणारी बाई गाडीची काळजी घेते असं वाटतं खरं. पण दर वेळी काढताना-बसवताना धूळ आत पडते आणि कडेचं रबर सैल होतं.

याची मर्यादा एकच. थर फार जाड झाला की हवा अडते. दम कोंडल्यावर आपण जसं चढावर थांबतो, तशी गाडी थांबते. डिझेल गाडी काळा धूर टाकू लागते. मग फिल्टर बदलायचा. काळा धूर आणि निळा धूर यांत गल्लत करू नका. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. फिल्टर चोंदणं हे त्याचं एक कारण. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

तेलाची जाळी कशी काम करते

आता वहिनींच्या पिशवीतला फिल्टर. यात सुती जाळीचे काही थर असतात, पट्टीच्या गॉजसारखे, आणि दोन्ही बाजूंनी तारेची जाळी. सुती जाळीची छिद्रं कागदापेक्षा मोठी असतात. मग धूळ अडते कशी? तेलामुळे.

आपल्या स्वयंपाकघरातली खिडकीची जाळी आठवा. रोज फोडणीची वाफ बसून ती चिकट होते आणि मग तिच्यावर धूळ अशी धरते की घासून निघत नाही. बैठकीच्या खोलीच्या खिडकीला तीच जाळी असते, पण तिच्यातून धूळ आरपार घरात येते. फरक फक्त चिकटपणाचा. तेलाच्या फिल्टरचं सगळं बळ त्या चिकटपणात आहे. धुळीचा कण वळणावळणाने जाताना तेल लागलेल्या धाग्याला धडकतो आणि चिकटतो. या फिल्टरच्या तेलात बहुधा लाल किंवा निळा रंग मुद्दाम घातलेला असतो, तेल सगळीकडे लागलं की नाही हे डोळ्यांना दिसावं म्हणून.

छिद्रं मोठी असल्याने हवा मोकळी जाते. अमेरिकेतली के अँड एन ही कंपनी १९६९ पासून असे फिल्टर करते. शर्यतीच्या मोटारसायकली आणि मोटारी हा त्यांचा आवडता बाजार. शर्यतीत थोडा जास्तीचा श्वास मोलाचा असतो, आणि तिथे इंजिन वरचेवर उघडून तपासलंही जातं. आपली पिकअप शर्यतीला जात नाही. ती धुळीतून डाळिंबाचे क्रेट नेते, आणि कर्ज फिटेपर्यंत तिचं इंजिन उघडायला लागू नये अशी आपली इच्छा असते.

तुमच्यातल्या काहींच्या घरी जुना ट्रॅक्टर असेल. त्याला तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. हवा नळीतून खाली येऊन तेलावर आपटते आणि एकदम वर वळते. जड धूळ तेलात पडते, उरलेली तेलाने भिजलेल्या तारेच्या गुंडाळीत अडते. तोही तेलाचाच फिल्टर, पण प्रकार वेगळा. त्यात तेलाची पातळी खुणेइतकीच लागते. कमी असेल तर धूळ आत जाते, जास्त असेल तर तेलच इंजिनात ओढलं जातं. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र चालवायच्या दिवसांत ती वाटी रोज उघडून बघावी आणि तळाशी गाळ साचला की तेल बदलावं. पुढे बहुतेक नव्या ट्रॅक्टरांना कोरडा फिल्टर आला, कारण तो बारीक धूळ जास्त अडवतो.

पांढराशुभ्र फिल्टर

आता माझी गोष्ट पुरी करते. दुकानदाराने सांगितलं होतं, "धुवा आणि वापरा." धुवा, एवढंच माझ्या लक्षात राहिलं. बरोबरचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं, ते खोक्याबरोबर गेलं. सहा महिन्यांनी मी फिल्टर काढला. काळा-तांबडा चिखल झाला होता. गरम पाण्यात साबणाचा चुरा घालून तो रात्रभर भिजत ठेवला, सकाळी ब्रशने घासला, उन्हात वाळवला. पांढराशुभ्र निघाला. मला इतकं बरं वाटलं की शेजारणीलाही दाखवला. आणि तसाच बसवला.

मैत्रिणींनो, त्याचा लाल रंग हाच त्याचा जीव होता. तेल निघून गेल्यावर उरली नुसती मोठ्या छिद्रांची जाळी. बैठकीच्या खोलीच्या खिडकीसारखी. त्यातून आमच्या कच्च्या रस्त्याची धूळ महिनोन्महिने इंजिनात जात राहिली.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी "हा धुतला कुणी?" असं विचारलं, तेव्हा सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "मी नाही." मी तिथेच उभी होते. मी बोलले नाही. कशाची भीती वाटली, आज सांगता येत नाही. ५६ हजारांची असेल, बायकांसमोर पडायची असेल. आठ दिवसांनी गटाच्या बैठकीत बोलले. त्या आठ दिवसांत ताईंनी किल्ली परत करून टाकली होती.

म्हणून सांगते, फिल्टर कोणता हे ठरवताना 'तो सांभाळणार कोण, आणि चूक झाली तर कळणार कसं' हा प्रश्न किमतीच्या आधी विचारा. कागदाच्या फिल्टरमध्ये चुकायला जागा कमी आहे. जुना काढला, नवा बसवला, झालं. तेलाच्या फिल्टरमध्ये दर धुण्याला चुकायला जागा आहे, आणि चूक बाहेरून दिसत नाही. सहा-आठ महिन्यांनी धूर येतो, तेव्हा दिसते.

दुकानातल्या तीन गोष्टी

पहिली, "पैसे वाचतात." हिशेब मांडून बघा. आमच्याकडचा धरून चालू. कागदाचा फिल्टर ५०० रुपयांचा. धूळ जास्त म्हणून वर्षातून दोनदा बदलला तर १००० रुपये. तेलाचा ५००० रुपयांचा, आणि तो धुवायचं द्रावण व त्याचं तेल यांचा संच १५०० रुपयांचा. म्हणजे ६५०० रुपये आज द्यायचे आणि ते भरून निघायला साडेसहा वर्षं. मधे द्रावण-तेल पुन्हा आणावं लागलं तर आणखी उशीर. तुमच्या दुकानातले भाव घालून हाच हिशेब करा. आमची जुनी गाडी साडेसहा वर्षं राहील की नाही, याचीच खात्री नव्हती.

दुसरी, "ॲव्हरेज वाढतं." अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली फिल्टर आणि इंधन यांचा संबंध तपासला होता. संगणकाने इंधन मोजणाऱ्या पेट्रोल गाड्यांमध्ये फिल्टर चोंदलेला असतानाही इंधनाच्या खर्चात फारसा फरक पडला नाही. गाडीची उचल मात्र कमी झाली. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत इंधनावर थोडा परिणाम दिसला. चोंदलेला फिल्टर काढूनही जर एवढाच फरक, तर चांगला कागदी फिल्टर काढून तेलाचा घातल्याने ॲव्हरेज किती वाढेल, तुम्हीच सांगा. चाकांत हवा बरोबर ठेवा, वजन बेताचं भरा. त्याने जास्त वाचतं.

तिसरी, "तेल जास्त लावलं की जास्त चांगलं." हे तर मुळीच नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ गाड्या आल्या. यांतल्या पुष्कळ गाड्यांत फिल्टरच्या लगेच पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो. त्यातली बारीक तार किंवा पापुद्रा तापलेला असतो. फिल्टरला जास्तीचं तेल लावलं की त्याचे तुषार उडून त्या सेन्सरवर बसू शकतात. मग तो हवा चुकीची मोजतो, गाडी अडखळते, इंजिनाचा दिवा लागतो. नव्या गाडीत कंपनीने न सांगितलेला भाग बसवून बिघाड झाला, तर वॉरंटीचाही वाद होतो. थोडक्यात, कमी तेल लावलं तर धूळ आत, जास्त लावलं तर तेल आत.

मग तेलाचा घ्यायचा कुणी?

ज्यांच्या गाडीला तो कंपनीनेच दिला आहे, त्यांनी. आणि ज्यांच्याकडे त्याचंच द्रावण, त्याचंच तेल, आणि ते काम नेमाने करणारं एक माणूस आहे, त्यांनीही हवा तर घ्यावा. आधीच घेऊन ठेवला असेल तर फेकू नका, पण असा सांभाळा:

धुवायला त्याचंच द्रावण वापरा. पेट्रोल, रॉकेल, कपड्याचा साबण नको. पाणी हलक्या धारेने, आतल्या स्वच्छ बाजूकडून बाहेरच्या मळक्या बाजूकडे सोडा, म्हणजे मळ आला तसा परत जाईल. उन्हात, चुलीजवळ किंवा हवेच्या पाइपने वाळवू नका. सावलीत पूर्ण वाळू द्या. त्या काळात गाडी विनाफिल्टर चालवायची नाही, अगदी दूध डेअरीपर्यंतसुद्धा नाही. मग प्रत्येक घडीवर त्याचं तेल बेताने लावा आणि वीसेक मिनिटं थांबा. कुठे पांढरं दिसलं तर तिथे पुन्हा थोडं लावा. थेंब गळत असेल तर तेल जास्त झालंय. घरातलं गोडं तेल किंवा इंजिनाचं ऑइल चालत नाही.

बाकी आपल्यासारख्या गटांनी, धुळीच्या रस्त्यावर मालाची गाडी चालवणाऱ्यांनी, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला, चांगल्या प्रतीचा कोरडा कागदी फिल्टर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चांगला कागद बारीक धूळ जास्त अडवतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. कुठल्याही नावाचा स्वस्तातला नको. कागद पातळ, घड्या वाकड्या, रबर कडक असा फिल्टर कोरडा असला तरी उपयोगाचा नाही.

कोरड्या फिल्टरची निगा

किती दिवसांनी बदलायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं. धुळीच्या भागासाठी मुदत कमी दिलेली असते, ती आपली मुदत. पुस्तक इंग्रजीत असेल तर गटातल्या शिकणाऱ्या मुलीकडून ते पान वाचून घ्या आणि मराठीत लिहून गाडीत चिकटवा. ही गोष्ट मी तेव्हा केली असती तर आज हे भाषण द्यावं लागलं नसतं.

कागद धुवायचा नाही. पाण्यात नाही, रॉकेलमध्ये नाही. टायरवर आपटायचा नाही. त्याने कड वाकते आणि वाकलेल्या कडेतून धूळ फिल्टरला वळसा घालून जाते. पंक्चरच्या दुकानातला हवेचा पाइप अगदी जवळ धरून मारला तर कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. हवा मारायचीच तर पुस्तकात परवानगी असेल तरच, कमी दाबाने, लांबून, आतून बाहेर.

फिल्टर फाटला की नाही हे बघायला अंधारात त्याच्या आत मोबाइलची बॅटरी लावा. सगळीकडे सारखा मंद उजेड दिसला तर ठीक. कुठे टाचणीएवढा जरी लख्ख ठिपका दिसला तर फिल्टर बाद.

नव्या ट्रॅक्टरांत बहुधा दोन कोरडे फिल्टर असतात, बाहेरचा मोठा आणि आतला लहान. आतला राखणदार आहे. तो साफ करायचा नसतो, मुदतीला बदलायचाच. डब्याच्या खाली रबराची चोच असेल तर ती रोज दाबून साचलेली धूळ खाली पाडावी.

स्कूटर चालवणाऱ्या मुलींसाठी एक. कित्येक स्कूटरमध्ये कागदाचाच पण तेल लावून आलेला, हाताला ओलसर लागणारा फिल्टर असतो. तो धुवायचा नाही आणि त्याला हवाही मारायची नाही. मुदतीला नवा घालायचा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. फिल्टर कोणताही असो, त्याच्यापासून इंजिनापर्यंतचा पाइप चिरलेला किंवा त्याची पट्टी ढिली असेल तर सगळं फुकट. महिन्यातून एकदा, इंजिन बंद आणि थंड असताना, फिल्टर काढून त्याच्या पुढच्या, इंजिनाकडच्या बाजूला पांढऱ्या फडक्याने आत पुसा. फडकं स्वच्छ राहिलं तर गाडीचा श्वास स्वच्छ आहे. तांबूस पिठी आली तर गाडी तिथेच थांबवून मिस्त्रींना दाखवा. ही तपासणी फुकट आहे, दहा मिनिटांची आहे, आणि ती केली असती तर आमचे ५६ हजार वाचले असते.

आमच्या गटाची वही

आमच्या गाडीच्या वहीत आता डिझेल आणि फेऱ्यांच्या शेजारी एक रकाना आहे: फिल्टर. कधी बदलला, कुणी बदलला, फडकं कसं निघालं. आणि खाली सही. सही कुणावर दोष ठेवायला नाही. पुढच्या वेळी कुणाकडे नुसतं बघून कुणाला गुन्हेगार ठरवायला लागू नये, म्हणून आहे.

त्या बैठकीत मी कबूल केल्यावर गटाने ठराव केला आणि दोघीतिघी मिळून ताईंच्या घरी किल्ली घेऊन गेलो. ताईंनी ती लगेच घेतली नाही. "आधी तो पाइप नवा घातलाय का ते बघते," म्हणाल्या आणि चपला घालून गाडीकडे गेल्या. आज त्या आमच्या भागातल्या तीन गटांच्या बायकांना गाडी शिकवतात, आणि पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हात लावू देत नाहीत. बॉनेट उघडून फिल्टर काढायला लावतात.

शेजारच्या गावच्या वहिनींनी लाल जाळी दुसऱ्या दिवशी दुकानात परत केली आणि कागदाचे दोन फिल्टर आणले. एक बसवायला, एक घरात ठेवायला. तुमच्या गटाची गाडी असेल तर या रविवारी ते फडक्याचं काम करून बघा. काय निघालं ते पत्राने नाहीतर रेडिओवर फोन करून जरूर कळवा. लाजू नका. मीच आठ दिवस गप्प बसले होते, तर तुमचं काय मनावर घ्यायचं.